अस्तर बघा, रस्सा विचारा : काकूंना जाहीर आभारपत्र

ती. काकू,
सा. न. वि. वि.

तुम्ही पुण्याला परतलात, पण जुने जपानी कपडे कसे निवडावेत आणि शाकाहारी माणसाने इथे काय खावं याच्या सूचनांचा तुमचा कागद आमच्या निशी-कासाई वस्तीतच राहिला. टोकियोत नव्याने घर मांडणाऱ्या मराठी माणसाच्या हातात तो आज ना उद्या पडतोच. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झाली आहेत, म्हणून त्यातल्या कुठल्या सूचना रोज कामी येतात ते या पत्रात सविस्तर लिहितो आहोत. आभाराचे आभार आणि नव्यांसाठी कागदाची नवी प्रत, दोन्ही एकातच.

पहिले आभार हाओरीसाठी. जुन्या कपड्यांच्या दुकानात शिरलं की सगळ्यांचा हात आधी किमोनोकडे जातो. तुम्ही लिहिलंत, आधी हाओरी घ्या. कारण साधं आहे. किमोनो नेसायचा तर आतलं नागाजुबान, कमरेला बांधायच्या कोशिहिमो, त्यावर दातेजिमे पट्टा, मग ओबी हा रुंद कमरपट्टा, ओबीच्या आतली ताठ पट्टी, गाठीखालची उशी, ताबी मोजे आणि झोरी चपला एवढा लवाजमा लागतो. त्यातलं एखादं नसलं तरी अडतं. हाओरी म्हणजे वरून घालायचा सैल अर्धा कोट. ती कुर्त्यावर चढते, जीन्सवर चढते आणि मापांत मुख्यतः 'युकी', म्हणजे मानेपासून मनगटापर्यंतची लांबी, बघितली की भागतं. किमोनोच नेसायचा असेल तर सुरुवात युकाताने करावी. सुती कापड, अस्तर नाही, अर्ध्या रुंदीची ओबी आणि दोन कोशिहिमो. फक्त तो उन्हाळ्याचा, घरगुती थाटाचा कपडा आहे, लग्नाला चालत नाही.

युकी कशी मोजायची हे दुकानदार सांगतात, पण घाईत. मान पुढे वाकवली की मागे जे हाड वर येतं, तिथून टेप धरायची. हात बाजूला साधारण ४५ अंशांत ठेवायचा आणि खांद्यावरून मनगटाच्या हाडापर्यंत मोजायचं. जुन्या बायकी किमोनोंची युकी बऱ्याचदा ६० ते ६३ सेंटिमीटर असते, आपल्यातल्या उंच मुलींना ६६-६८ लागते. फरक थोडा असेल तर बाही उसवून वाढवता येते, कारण खांद्याच्या शिवणीत कापड दुमडून ठेवलेलं असतं. पण तुमची पुढची ओळ वाचल्याशिवाय हे काम शिंप्याकडे देऊ नये : दुमडलेला भाग मूळ रंगाचा राहतो, बाहेरचा उन्हाने विटतो, आणि उसवलं की खांद्यावरून एक गडद पट्टा उतरतो. तेव्हा विकत घेण्याआधीच शिवण बोटांनी थोडी फाकवून दोन्ही रंग ताडून बघावेत.

लांबीचं गणित बायकांना सोपं आणि पुरुषांना अवघड आहे. बायकी किमोनोची लांबी नेसणारीच्या उंचीइतकी, पाच सेंटिमीटर इकडेतिकडे, असावी. जास्तीचं कापड कमरेशी घडी घालून ओबीखाली दाबतात. पुरुषांच्या किमोनोत ही घडीच नसते. मानेच्या हाडापासून घोट्यापर्यंतचं माप जुळलंच पाहिजे, नाहीतर पाच फूट दहा इंची नवरोबा पोटऱ्या दाखवत फोटोत उभे राहतात. त्यांनी सरळ हाओरीकडे वळावं. पुरुषांची हाओरी बाहेरून काळी किंवा करडी, अगदी साधी दिसते. पण अस्तर उलटून बघितलं तर आत डोंगर, ससाणे, नाहीतर अख्खा देखावा रंगवलेला असू शकतो. दुकानात ती नेहमी उलटी करूनच बघावी.

काळ्या किमोनोंबद्दलच्या दोन ओळींनी तर कित्येकांची लाज राखली. पूर्ण काळा, नक्षी कुठेच नाही, फक्त पाच पांढरी कुलचिन्हं, असा किमोनो ढिगात हमखास सापडतो. तो मोफुकु, सुतकाचा पोशाख. त्याच काळ्यावर, त्याच पाच चिन्हांसह, पायाशी रंगीत नक्षी असेल तर तो तोमेसोदे. तो लग्नात वरवधूच्या आया आणि जवळच्या विवाहित बायका नेसतात. कोणताही किमोनो नेसताना नेसणाऱ्याची डावी बाजू वर यायला हवी. उजवी वर येते ती मृताला नेसवताना. आरशात सेल्फी काढला की डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून आरशावर विसंबू नये. उजवा हात छातीशी नेला आणि तो गळपट्टीच्या फटीत सहज सरकला, तर बरोबर नेसलंय.

आता तुमचा मुख्य मंत्र : दर्शनी बाजूवर भाळू नका, अस्तर बघा. गळपट्टीच्या आत मेकअप आणि घामाचे पिवळट डाग असतात, अस्तरावर बुरशीचे तपकिरी ठिपके, बाहीच्या आणि पायाशी असलेल्या कडेला घासल्याची झिरमिळी. अस्तरावर ठिपके भरपूर आणि बाहेर एकही नसला, तरी बाहेर यायला वेळ लागणार नाही. जुनं रेशीम कुजलेलं आहे का हे बघायला शिवणीजवळ दोन्ही अंगठ्यांत कापड धरून हलकंच ताणावं. कागदासारखा बारीक तडतड आवाज आला की खाली ठेवावं, रंग कितीही देखणा असो. आतलं अस्तर लालभडक रेशमी असेल तर ते बहुधा मोमी. पाणी लागताच त्याचा रंग उतरतो आणि वरच्या कापडात जातो, अगदी पावसाच्या चार थेंबांनीही. चिरिमेन, म्हणजे सुरकुतीचं क्रेप रेशीम, पाण्याने आखडतं. तिथे वाफेची इस्त्रीसुद्धा नको, वर सुती फडकं टाकून कोरडी इस्त्री करावी.

वासाचं म्हणाल तर कापराचा वास सावलीत टांगून काही दिवसांत जातो, बुरशीचा सहसा जात नाही. घरी आणल्यावर कापूर आणि डांबराच्या गोळ्या एकाच कपाटात ठेवू नयेत. दोन्ही मिळून पाझरतात आणि कपड्यावर डाग पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत तर ठेवूच नये. ज्या तातोशी कागदात जपानी लोक किमोनो गुंडाळतात तो स्वस्तात मिळतो. मुंबईला किंवा कोकणात न्यायचा असेल तर पावसाळ्यानंतर पैठण्यांबरोबर त्यालाही सावलीत हवा द्यावी.

ब्लाउजची युक्ती मात्र तुमच्याशिवाय कोणाला सुचली नसती. किमोनोचं कापड तानमोनो या अरुंद ताग्यातून येतं : रुंदी ३६ ते ३८ सेंटिमीटर, लांबी साधारण १२ मीटर. जवळजवळ सगळे तुकडे सरळ कापलेले, म्हणून उसवला की पुन्हा लांब पट्ट्या हातात येतात. आपला शिंपी मीटर पन्नाच्या हिशेबाने ८०-९० सेंटिमीटर कापड मागतो. इथे त्याच ब्लाउजला सव्वादोन ते अडीच मीटर पट्टी धरावी. पाठ एका तुकड्यात बसत नाही, तेव्हा पाठीच्या मध्ये जोड घ्यायचा किंवा हुक मागे लावायचे. पुढचे दोन भाग तसेही वेगळेच असतात. बाही पट्टीच्या रुंदीत बसते, पण फुग्याची नको. अस्तर नवं सुती लावावं, जुनं घामाने फाटतं. डागाळलेला किमोनो या कामासाठी उत्तम, कारण डाग टाळून कापता येतं.

बाजारांबद्दल थोडक्यात. क्योतोत तोजी देवळाचा बाजार दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेनमांगूचा २५ तारखेला भरतो. सकाळी लवकर जावं, पाऊस असेल तर निम्मे गाळे लागत नाहीत. टोकियोत जुन्या कपड्यांसाठी कोएंजी आणि शिमोकिताझावा, नव्या कापडासाठी निप्पोरीची कापड गल्ली. घासाघीस देवळाच्या बाजारात थोडी चालते, तीही दोन-तीन नग एकदम घेतले तर. दुकानात करू नये.

आता जेवण. इथे तर तुमचे उपकार पोटावर आहेत. 'मी व्हेजिटेरियन' असं सांगून जपानमध्ये फारसा उपयोग होत नाही, कारण समोरचा माणूस भाज्या आणून देतो आणि त्या माशाच्या पाण्यात शिजलेल्या असतात. ते पाणी म्हणजे दाशी. कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे, किंवा निबोशी, म्हणजे सुकी बारीक मासळी, यांचा अर्क. मिसो सूप, उदोन आणि सोबा नूडल्सचा रस्सा, तेंपुराबरोबरची चटणी, आगेदाशी तोफू, ओकोनोमियाकीचं पीठ, गोडसर अंड्याची वळकटी, सगळीकडे तो असतो. 'यासाई रामेन' म्हणजे डुकराच्या रश्शावर भाज्या. 'यासाई करी'च्या तयार मसाल्यात प्राण्यांची चरबी असू शकते.

म्हणून तुमची तीन वाक्यं आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. 'निकु मो साकाना मो ताबेमासेन' : मांस आणि मासे दोन्ही खात नाही. 'कात्सुओदाशी वा हाइत्ते इमासु का?' : यात बोनिटोची दाशी आहे का? आणि सगळ्यांत कामाचं, 'नुकी दे', म्हणजे अमुक वगळून. थंड तोफूवर 'कात्सुओबुशी नुकी दे' म्हटलं की पापुद्रे येत नाहीत. नुसतं 'निकु नको' म्हटलं तर बेकन, हॅम आणि कधी कधी कोंबडीही त्यात धरत नाहीत, त्यांची नावं वेगळी घ्यावी लागतात. आणि हे सगळं तिकीट घेण्याआधी विचारावं. दाराशी यंत्रातून तिकीट काढायच्या हॉटेलात बटण दाबलं की ऑर्डर गेलीच.

ॲलर्जीचा तक्ता मागणाऱ्यांना तुमचा इशारा फार महत्त्वाचा आहे. त्यात कोळंबी, खेकडा, अंडं, दूध दिसतं, पुढच्या यादीत गोमांस, डुक्कर, जिलेटिनही दिसतं. पण बोनिटो त्या यादीत नाही. सगळे रकाने कोरे असलेला पदार्थ माशाच्या रश्शातला असू शकतो. घटकांच्या यादीत लिपी वाचता येत नसेल तर खाली चार ठिपके असलेलं अक्षर शोधावं, असं तुम्ही लिहिलंत. मासा आणि पक्षी दोन्हींच्या अक्षरांत ते असतात. फक्त 'काळा' या अक्षरातही असतात, त्यामुळे बिचारे काळे तीळ उगाच संशयात सापडतात.

चोवीस तास उघड्या दुकानांतला त्रिकोणी भात : साधा मिठाचा सर्वांत निर्धोक. उमे, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, आणि कोंबू, म्हणजे समुद्रशेवाळ, यांच्या सारणात बहुधा बोनिटोचा अर्क घालतात. इनारीचं तोफूचं पुडकं गोडसर लागतं ते दाशीत शिजवूनच. नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, आणावं, पण सोबतची सॉसची पुडी टाकून घरचा सोया सॉस घालावा. दही आणि पुडिंगमध्ये जिलेटिन बघावं. कान्तेन असेल तर चालेल, ते समुद्रशेवाळाचं. सोबाच्या हॉटेलात रस्सा न घेता मीठ मागावं, 'शिओ दे'. तेंपुराही मिठाबरोबर छान लागतो, फक्त तळणीचं तेल बहुधा कोळंबी तळलेलंच असतं. ते ज्याचं त्याने ठरवावं.

बाहेर खायची खात्रीची जागा विचाराल तर टोकियो स्टेशनमधलं टीज तानतान. पूर्ण व्हीगन, पण तिकीट फाटकाच्या आत आहे, बाहेरून शोधत फिरू नये. सणासुदीला शोजिन र्‍योरी, बौद्ध मठांचं जेवण. क्योतोत तेनर्‍युजीच्या आवारातलं शिगेत्सु किंवा कोयासानच्या मठांतला मुक्काम, दोन्हीकडे आधी नोंदणी करावी. यात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाई निवांत जेवतात. जैन मंडळींना मात्र आधी सांगावं, मुळा आणि गोबो हे कंद असतातच. इझाकायात, म्हणजे जपानी दारूखान्यात, बसल्या बसल्या जी छोटी वाटी येते ती ओतोशी. न मागता येते, तरी बिलात लागते, आणि बहुधा माशाची असते. टिप ठेवू नये, ठेवली तर वेटर रस्त्यापर्यंत परत द्यायला येतो.

घरच्या दाशीचं प्रमाण तुमचंच वापरतो आहोत : एक लिटर थंड पाण्याला १० ग्रॅम कोंबू आणि ३ सुके शिइताके मशरूम, रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी मंद आचेवर ठेवून उकळी फुटायच्या आत कोंबू काढायचा. उकळला तर पाणी बुळबुळीत आणि कडसर होतं. शिइताके गरम पाण्यात भिजवायची घाई करू नये, चव थंडीतच उतरते. कोंबूतलं ग्लुटामेट हे चवीचं द्रव्य रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये वेगळं काढलं. त्याला शिइताकेतलं ग्वानिलेट मिळालं की चव कितीतरी वाढते, म्हणून माशाची उणीव भासत नाही. चवळी-राजमा उकडताना त्यात कोंबू टाकावा ही तुमची पुस्ती मात्र कागदाच्या समासात आहे, ती या वेळी मुख्य मजकुरात घेतली आहे.

एक ओळ आम्ही बदलली आहे, ती तुम्हाला कळवायला हवी. आई-वडील पर्यटक म्हणून येतात तेव्हा एकाच दुकानात एका दिवसात ५,००० येन किंवा त्याहून जास्त खरेदी झाली आणि पासपोर्ट दाखवला, की १० टक्के कर तिथेच वजा होतो, असं तुम्ही लिहिलंत. १ नोव्हेंबर २०२६ पासून तसं राहणार नाही. दुकानात करासकट पूर्ण पैसे द्यायचे, खरेदीपासून ९० दिवसांच्या आत देश सोडताना कस्टम्समध्ये वस्तूंची पडताळणी करून घ्यायची, आणि कर मागाहून परत मिळतो. तेव्हा त्या वस्तू चेक-इन बॅगेत आधीच टाकून मोकळं होऊ नये. इथे राहणाऱ्या आपल्याला ही सवलत आधीही नव्हती, पुढेही नाही. देवळाच्या बाजारातल्या गाळ्यांवर ती कुणालाच मिळत नाही.

नवी प्रत पुण्याच्या पत्त्यावर टपालाने पाठवतो आहोत. सोबत कोंबूचं एक पाकीट आहे. चुका दिसल्या तर लाल शाईने खुणा करून परत पाठवा.

तुमचे,
निशी-कासाईतले सगळे