गाठीला मनाचे ऐकू येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'मन खंबीर असेल तर कोणताही आजार हरतो' अशा आशयाचे लेख अधूनमधून येतात. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण त्याचे कात्रण कोणीतरी कॅन्सरच्या रुग्णाच्या उशाशी आणून ठेवते, तेव्हा पुढे काय होते हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

माझ्या थोरल्या भावाला तोंडाचा कॅन्सर झाला. तंबाखू-चुन्याची सवय, आमच्या भागात घरटी एक तरी असा सापडेल. शस्त्रक्रिया झाली, मग रेडिएशन. तोंडाची नुसती आग, लाळ आटलेली, घास गिळवेना म्हणून नाकातून नळी. वहिनी नाचणीची पेज दोनदा वस्त्रगाळ करून सिरिंजने सोडायची, कारण एक कण राहिला तरी नळी तुंबते. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या. अशा माणसाला भेटायला येणारा जो तो शहाळे आणि एक वाक्य घेऊन यायचा : "दादा, पॉझिटिव्ह राहायचं. निम्मा आजार मनाचाच असतो."

दादा मान डोलवायचा. परिणाम मात्र भलताच झाला. 'शून्य ते दहामध्ये दुखणं किती?' असे डॉक्टरांनी विचारले की तो दोन बोटे दाखवायचा आणि रात्रभर भिंतीकडे तोंड करून कण्हायचा. दुखते म्हणणे म्हणजे हरणे, असे त्याने मनाशी धरले होते. वहिनीने शेवटी डॉक्टरांना गाठून खरे सांगितले, तेव्हा मॉर्फिन सुरू झाले आणि माणूस झोपला. (मॉर्फिनचे नाव काढले की आपल्याकडे लगेच 'आता संपलं' असे चेहरे होतात. वेदनाशमनासाठी ते सुलभपणे मिळावे म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्यात दुरुस्ती झाली, हे किती जणांना ठाऊक आहे?)

पुढे गाठ परत आली. बोलता येत नव्हते. त्याने वहीत लिहिले, "मी कुठं कमी पडलो?" तंबाखूबद्दल लिहिले असते तर समजलो असतो. तो स्वतःच्या मनाबद्दल विचारत होता.

याच प्रकारच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोके व मानेच्या कॅन्सरचे १,०९३ रुग्ण पाहिले. त्यांचा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला : रुग्णाची मनःस्थिती चांगली की वाईट, यावरून तो किती जगेल हे ठरत नाही. अगदी आशावादी रुग्णांतही फरक दिसला नाही.

मनाचा काहीच उपयोग नाही, असे माझे म्हणणे नाही. स्तनाचा कॅन्सर शरीरभर पसरलेल्या २३५ स्त्रियांचा अभ्यास कॅनडातल्या संशोधकांनी २००१ मध्ये मांडला. गटात बसून मन मोकळे करणाऱ्या स्त्रियांचे आयुष्य वाढले नाही, पण दुखणे आणि मनाची घालमेल कमी झाली. हेही थोडके नव्हे. मात्र तिथे त्यांना भीती बोलून दाखवायची मुभा होती, हसरा चेहरा ठेवायची सक्ती नव्हती. विठ्ठलाला शिव्या घालणाऱ्या जनाबाईला आपण निगेटिव्ह म्हटले नाही. मग आजारी माणसाला रडू द्यायला आपले काय जाते?

दादाला उपयोगी पडला तो भाचा. रेडिएशन साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालते आणि मध्ये खंड पडला तर गुण कमी येतो. भाच्याने आपली रिक्षा रोज सकाळी दारात उभी केली, एकही खाडा होऊ दिला नाही. 'पॉझिटिव्ह राहा' हे तो एकदाही बोलला नाही. ज्यांचे गाव लांब आहे आणि घरात असा भाचा नाही, ते उपचार अर्धवट सोडतात. आपण म्हणतो, मनाने खचला.

तेव्हा विनंती एवढीच, की त्या लेखांच्या शेजारी एक चौकट द्यावी. रेडिएशनचे यंत्र कोणकोणत्या गावी आहे, सोबत्याची राहण्याची सोय कुठे होते, महात्मा फुले जन आरोग्य योजनेला कोणती कागदपत्रे लागतात, एसटी-रेल्वेची सवलत कशी मिळते, आणि वेदनाशमनाचा बाह्यरुग्ण विभाग कुठे, कोणत्या वारी असतो. माहिती गोळा करायला माणसे कमी पडत असतील तर आमच्या जिल्ह्यापुरती मी आणून देतो.

आपला,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)