काका, तुमचं पेन आमच्याकडेच राहिलंय

विंग कमांडर काकांना साष्टांग नमस्कार,

'कशाला एवढं' असं म्हणाल, माहीत आहे. पण गेला आठवडाभर आई दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना तीच गोष्ट सांगतेय. म्हटलं, एकदाची लिहूनच टाकते.

बाबा गेल्यावर आईच्या पेन्शनसाठी आम्ही सात महिने खेटे घातले. एका कागदावर तिच्या नावाला 'बाई' लागलंय, दुसऱ्यावर नाही, एवढंच कारण. खिडक्यांचं पुराण इथे उगाळत नाही. विजय दिवसाला एका पुढाऱ्याने आईला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले, "मावशी, काम झालंच समजा" म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन काही लागला नाही. नारळाची चटणी तेवढी झाली.

आणि तुम्ही! तीन वर्षं एकाच बिल्डिंगमध्ये राहून आमच्यासाठी फक्त 'कुत्र्याला फिरवणारे काका'. त्या दिवशी लिफ्टमध्ये माझ्या हातातल्या फाइलवर बाबांचा हवाई दलातला सर्व्हिस नंबर दिसला, तेव्हा विचारलंत, "ट्रेड कोणता?" मी म्हटलं, "इंजिन फिटर. एमआय-४ हेलिकॉप्टरवर होते." तुमचा मजला आला आणि गेला, तुम्ही उतरला नाहीत.

गुरुवारी तुम्ही आमच्याबरोबर पेन्शनच्या ऑफिसात आलात. हुद्दा सांगितला असता तर आत खुर्ची मिळाली असती. तुम्ही टोकन घेऊन आईशेजारी बाकावर बसलात, अडीच तास. कंटाळा जावा म्हणून तिला ते हेलिकॉप्टर समजावून सांगत होतात. चौदा सिलिंडरचं इंजिन नाकात आणि पायलट त्याच्या डोक्यावर बसलेला. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तान्यांनी उडवला, तेव्हा तुम्ही लोकांनी ब्राह्मणबारियाहून जवान उचलून पलीकडे रायपुऱ्याला सोडले, रात्रीसुद्धा. "आम्ही उडवायचो वहिनी, पण परत आल्यावर पहाटेपर्यंत इंजिनाखाली कोण असायचं?" आई म्हणाली, "तरीच यांच्या नखातलं काळं कधी गेलं नाही." पन्नास वर्षांच्या संसारात बाबांनी मेघनेचं नावसुद्धा काढलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, हवाई दलात ते कुठल्यातरी गॅरेजात होते.

सियाचीनचं तुम्ही दोनच वाक्यांत उरकलंत. १९८४ नंतर चीता हेलिकॉप्टर घेऊन वर जायचात, आणि तिथल्या विरळ हवेत रॉकेलचा एक डबा जास्त चढवायचा की नाही यावर डोकं खाजवत बसायचात. आईने विचारलं, "भीती नाही वाटायची?" तुम्ही म्हणालात, "वाटायची की." मग टोकनचा नंबर आला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. आई चौथी शिकलेली. सही येते, पण हात थरथरतो, वेळ लागतो. आजवर प्रत्येक खिडकीवर "आजी, अंगठा द्या, पटकन होईल" म्हणत शाईचं पॅड पुढे आलं, आणि लाज वाटते सांगायला, मीही दोनदा तिचा अंगठा धरून टेकवलाय. त्या दिवशीही पॅड आलं. तुम्ही त्याचं झाकण लावलंत, खट्. खिशातलं पेन उघडून आईच्या हातात दिलंत. साक्षीदार म्हणून तुमचीही सही हवी होती, क्लार्कने कागद तुमच्याकडे सरकवला, तर तुम्ही तो परत आईपुढे ठेवलात. "आमच्याकडे विमानाच्या देखभालीचा फॉर्म ७०० असतो, त्यावर आधी फिटरची सही. ती झाल्याशिवाय पायलट विमान ताब्यात घेत नाही. वहिनी, आधी तुमची."

मागे रांग चुळबुळत होती. तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत, तिच्या हाताकडेही नाही. समोरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहिलात. पूर्ण नाव झालं, आडनावासकट. मगच तुमची सही.

आजकाल चांगली माणसं राहिली नाहीत असं मीच उठून म्हणत असते. माझ्याच वरच्या मजल्यावर एक राहत होतं, आणि माझी तक्रार काय, तर त्यांचा कुत्रा भुंकतो.

काम झालं, काका. परवा पैसे जमा झाले. आईने रव्याचे लाडू केलेत, संध्याकाळी घेऊन येतो. पेन मात्र ती द्यायला तयार नाही. पिशवीत ठेवलंय, आणि मला रिफिल आणायला सांगितलीय, निळी.

तुमच्या खालच्या मजल्यावरची