इंजिन कुठून आलं?

प्रिय मंदार,

स. न. वि. वि. वगैरे आपल्यात शोभत नाही, म्हणून थेट भांडायलाच बसतो.

'डॉनी डार्को' पाहिलास, छान केलंस. पण पुढे लिहितोस, "लांबवलेली आवृत्ती पाहिली, आता सगळं कळलं." अरे, तिथेच घोळ झाला!

मूळ सिनेमा २००१ चा, रिचर्ड केलीचा पहिलाच. २००४ मध्ये त्याने वीसेक मिनिटं वाढवून तो पुन्हा आणला आणि सिनेमातल्या म्हाताऱ्या रोबर्टा स्पॅरोच्या कालप्रवासावरच्या पुस्तकाची पानंच पडद्यावर दाखवली. समांतर विश्व, त्यासाठी निवडला गेलेला मुलगा, त्याला वाटेला लावणारे मेलेले लोक, सगळं नियमांसकट. मूळ आवृत्ती असं काही हातात देत नाही. ऑक्टोबर १९८८, व्हर्जिनियातलं एक उपनगर. सशाचा भेसूर मुखवटा घातलेला फ्रँक डॉनीला रात्री घराबाहेर बोलावतो आणि जग संपायला २८ दिवस, ६ तास, ४२ मिनिटं, १२ सेकंद उरलेत म्हणतो. इकडे त्याच्या खोलीवर विमानाचं इंजिन कोसळतं. हे खरं की पोराच्या डोक्यातलं, हे जितकं त्याला कळत नाही तितकंच आपल्यालाही. मला ती घालमेल हवी असते. नियम कळले की ती संपते.

आणि इंजिन कुठून आलं, ते त्या पानांवाचूनही कळतं की. डॉनी जिम कनिंगहॅमचं घर जाळतो. आगीमुळे त्या प्रवचनकाराचे घाणेरडे उद्योग उघडे पडतात, त्याला अटक होते. त्याची भक्त असलेली किटी फार्मर बाई त्याच्या बचावासाठी गावात थांबते. मग मुलींच्या नाचाच्या चमूबरोबर लॉस एंजेलिसला कोणी जायचं? डॉनीच्या आईने. परतताना इंजिन निखळतं ते तिच्याच विमानाचं, आणि काळात मागे जाऊन डॉनीच्या खोलीवर पडतं ते हेच. एका बाईच्या हट्टापायी दुसरी विमानात बसली, एवढी साधी गोष्ट आहे ही! (हा जिम म्हणजे पॅट्रिक स्वेझी. इतकं गोड हसून इतका किळसवाणा माणूस त्याने केलाय की बस.)

आईचं काम मेरी मॅकडॉनेलने केलंय. वेडा मुलगा असणं कसं वाटतं, असं डॉनी विचारतो, तर ती म्हणते, फार छान वाटतं. त्यात ना दया, ना उपदेश. गोळ्या, मानसोपचार, शाळेतल्या तक्रारी, एवढं सगळं झाल्यावरचं उत्तर आहे ते. सिनेमा मी परत लावतो तो या बाईसाठी.

अकरा सप्टेंबरनंतर जेमतेम दीड महिन्याने विमानाचं इंजिन घरावर पडणारा सिनेमा अमेरिकेत कोण पाहणार? आपटलाच. मग न्यूयॉर्कच्या मध्यरात्रीच्या खेळांनी आणि ब्रिटनमधल्या प्रेक्षकांनी त्याला उचलून धरलं. शेवटचं गाणं तर २००३ च्या नाताळात तिथे पहिल्या क्रमांकावर होतं.

तर आता मूळ आवृत्ती बघ आणि मगच उत्तर लिही. वहिनींनाही बसव. त्यांना नाही आवडला तर का नाही, ते त्यांनाच लिहू दे. तू मध्ये पडलास की त्यांचं म्हणणं माझ्यापर्यंत येतच नाही.

तुझा,
निखिल