ट्रेमधली आग विझली, पुढे काय?

मा. संपादक,
स. न.

अग्निशमन सप्ताह, म्हणजे १४ ते २० एप्रिल, नुकताच संपला. दरवर्षीप्रमाणे आपल्या पानावर एका रुग्णालयातल्या मॉक ड्रिलचे छायाचित्र आले. आवारात पत्र्याच्या ट्रेमध्ये पेटवलेले डिझेल, लाल सिलिंडर धरलेले साहेब, मागे टाळ्या वाजवणाऱ्या सिस्टर आणि वॉर्डबॉय. खाली ओळ, 'कर्मचाऱ्यांना आग विझवण्याचे प्रशिक्षण'. मी नगरपालिकेच्या अग्निशमन दलात फायरमन म्हणून लागलो आणि सब ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची वर्षे नव्या पोरांना शिकवण्यात गेली. आताही रुग्णालये, शाळा, सोसायट्या बोलावतील तिथे जातो. त्या छायाचित्रातल्या गर्दीत शिकलेला माणूस एकच दिसला, तो म्हणजे साहेब. तेही अर्धेच शिकले असावेत, कारण नोझल आगीच्या बुडाशी नव्हते, ज्वाळांच्या शेंड्याकडे होते.

मला त्या रुग्णालयाबद्दल तक्रार करायची नाही. सगळीकडे असेच चालते. माझा मुद्दा शिकवणाऱ्याबद्दल आहे. आग विझवता येणे आणि आग विझवायला शिकवता येणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाची तयारी कोणी करून घेत नाही. वीस वर्षे बंबावर काढलेला माणूस आपोआप चांगला शिकवतो, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. उलट, ज्याला एखादी गोष्ट सहज जमते त्याला ती कुठे अवघड आहे हेच आठवत नाही.

साधे उदाहरण घ्या. सहा किलोचा एबीसी पावडरचा, म्हणजे लाकूड-कागद, तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारा सिलिंडर. पिन काढा, नोझल बुडाशी धरा, हँडल दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. चार वाक्ये, सगळ्यांना पाठ. आता हाच सिलिंडर कधी हात न लावलेल्या सिस्टरच्या हातात द्या. भरलेला सिलिंडर नऊ-दहा किलोचा असतो. तो सांभाळायला ती वरचे हँडल घट्ट आवळते आणि त्याच अवस्थेत पिन ओढते. आवळलेल्या हँडलमध्ये पिन अडकते, येतच नाही. ती आणखी जोर लावते, हँडल आणखी आवळले जाते. शेवटी 'सर, खराब आहे' म्हणून सिलिंडर खाली ठेवते. प्रशिक्षक हसतो, पिन स्वतः काढून देतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. खरे शिकवणे इथे सुरू व्हायला हवे होते. सिलिंडर आधी जमिनीवर ठेवायचा, एका हाताने मानेशी धरायचा, हँडल मोकळे सोडायचे, पिन पिळून सील तोडायचे आणि मग ओढायची. कामाची प्रत्येक पायरी आणि त्या पायरीतली मेख अशी दोन रकान्यांची फोड शिकवायला जाण्याआधी कागदावर करावी लागते. ज्याने ती केली आहे त्याला सिस्टर कुठे अडणार हे आधीच माहीत असते.

धडा घेण्याच्या चार पायऱ्या जगभरच्या अग्निशमन प्रशिक्षकांना सांगितल्या जातात: आधी शिकणाऱ्याचे मन तयार करणे, मग सांगणे-दाखवणे, मग त्याच्याकडून करून घेणे, आणि शेवटी त्याला मदतीशिवाय करायला लावून पाहणे. आपल्या मॉक ड्रिलमध्ये दुसरी पायरी तेवढी होते. तिसरी होत नाही, कारण सिलिंडर रिकामा केला की रिफिलिंगचा खर्च येतो. पन्नास माणसांत दोन सिलिंडर वापरले जातात, त्यातला एक साहेबांचा. चौथी तर कोणाच्या गावीही नसते. त्याऐवजी हजेरीपत्रकावर सह्या होतात आणि सह्या म्हणजे प्रशिक्षण असे फायलीत धरले जाते.

नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाने हे फार पूर्वी ओळखले होते. १९५६ साली रामपूरला सुरू झालेली आणि पुढच्या वर्षी नागपूरला आलेली ही संस्था. तिथल्या एका जुन्या अभ्यासक्रमाचे नावच 'स्टेशन ऑफिसर आणि इन्स्ट्रक्टर' असे होते. म्हणजे स्टेशन सांभाळणाऱ्याला शिकवताही आले पाहिजे हे तिथे गृहीतच. खाली तालुक्याच्या ठिकाणी येईपर्यंत त्यातले 'इन्स्ट्रक्टर' गळून पडते. सुटीवर नसलेला आणि बोलायला बरा असलेला जवान 'जा रे, त्या शाळेत डेमो देऊन ये' म्हणून पाठवला जातो. तो बिचारा जातो, ट्रे पेटवतो, विझवतो, चहा घेऊन परत येतो.

यात बिघडले काय, असे कोणी म्हणेल. जुलै २०१८ मध्ये तमिळनाडूत कोइम्बतूरजवळच्या एका महाविद्यालयात आपत्ती व्यवस्थापनाचे मॉक ड्रिल चालू होते. इमारतीतून उडी कशी मारायची ते दाखवायचे होते. खाली मुले जाळी धरून उभी. दुसऱ्या मजल्यावरची विद्यार्थिनी कचरत होती, प्रशिक्षकाने तिला ढकलले. तिचे डोके खालच्या मजल्याच्या छज्ज्यावर आपटले आणि ती गेली. नंतर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जाहीर केले की या ड्रिलशी आपला संबंध नाही आणि तो प्रशिक्षक आपला नव्हे. त्याने किती ठिकाणी कार्यक्रम केले, कोणाची पत्रे दाखवली हा पोलिसांचा विषय. मला त्यातले एवढेच खटकत राहते की, कॉलेजच्या फाटकावर त्याला 'तुम्ही शिकवायला कुठे शिकलात?' असे कोणीच विचारले नसेल. मला आजवर कोणीही विचारलेले नाही. मानधन किती, प्रमाणपत्रे देणार का आणि फोटोला बॅनर कुठे लावू, हे मात्र हमखास विचारतात.

अमेरिकेत अग्निशमन प्रशिक्षकाला काय काय यायला हवे याचे स्वतंत्र मानक बरीच वर्षे होते, क्रमांक १०४१. प्रत्यक्ष आगीवरच्या सरावाचे दुसरे, १४०३. हे दुसरे मानक १९८६ साली आले. त्याआधी १९८२ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी सरावासाठी लावलेल्या आगीत दोन जवान गेले होते. या मानकात एका प्रशिक्षकामागे पाचांहून जास्त शिकाऊ नकोत, सुरक्षेवर लक्ष ठेवणारा माणूस वेगळा हवा, आणि अडकलेल्याचे सोंग घेऊन जिवंत माणूस आत ठेवायचा नाही, असे नियम घातले गेले. नियम असूनही २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सरावाच्या जळत्या घरात असाच एक एकोणीस वर्षांचा नवा पोरगा आत ठेवला आणि तो दगावला. सराव घेणाऱ्या अधिकाऱ्याला न्यायालयाने दोषी ठरवले. तिकडचे सगळे चांगले असे मी म्हणत नाही. सरावात जीव गेला तर शिकवणाऱ्याला जाब द्यावा लागतो, एवढे तिथे कागदावर पक्के आहे.

आता रुग्णालयांकडे येतो, कारण पत्र लिहायला बसलो ते त्या छायाचित्रामुळे. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. १७ बाळांपैकी १० गेली, ७ वाचवता आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. मग फायर ऑडिटची लाट आली, सिलिंडर वाढले, बाण रंगवले गेले. चांगलेच झाले. पण त्यानंतरही मी ज्या ज्या रुग्णालयात गेलो तिथे ड्रिल सकाळी अकरा वाजता आणि आवारातच ठेवलेले होते. सगळे डॉक्टर हजर, लिफ्ट चालू, बाहेर लख्ख ऊन. रात्री दोन वाजता कक्षात दोन सिस्टर आणि एक मावशी असतात. त्यांना ट्रेमधली आग विझवता येऊन काय उपयोग? छतातल्या एसीतून धूर येतोय, खाली आठ बाळे, ऑक्सिजन चालू. त्यांनी पहिल्या मिनिटात काय करायचे?

शिकवायला उभे राहण्याआधी प्रशिक्षकाने उद्दिष्ट लिहावे म्हणतात ते इथे. 'कर्मचाऱ्यांना अग्निसुरक्षेची माहिती देणे' हे उद्दिष्टच नव्हे, कारण ते साधले की नाही हे तपासता येत नाही. असे लिहा: 'धुराची खबर मिळाल्यावर रात्रपाळीच्या दोन सिस्टर आणि एक मावशी मिळून आठही बाळे (सरावात कापडी बाहुल्या) त्याच मजल्यावरच्या शेजारच्या कक्षात नेतील, दार लावून घेतील, आणि शेवटचे बाळ बाहेर पडल्यावर कक्षाचा ऑक्सिजनचा वॉल्व्ह बंद करतील.' यात कोण, काय, कोणत्या परिस्थितीत हे आले. पुढे किती वेळात, तेही त्या कक्षात दोनदा करून पाहून ठरवावे. आधी जिन्याने खाली पळायचे नाही, त्याच मजल्यावर आडवे सरकायचे, हे त्यात आपोआप शिकवले जाते. वॉल्व्ह कोणी बंद करायचा आणि कोणाच्या सांगण्यावरून, हा प्रश्नही तेव्हाच वर येतो. एका रुग्णालयात मी विचारले तेव्हा वॉल्व्हची पेटी कुलूपबंद होती आणि किल्ली दिवसपाळीच्या तंत्रज्ञाकडे. आग विझवण्यावर तासभर बोलून हे कधीच बाहेर पडले नसते.

शिकवायच्या गोष्टी तीन तऱ्हेच्या असतात, एवढे जरी प्रशिक्षकाला उमजले तरी खूप. काही डोक्यात भरायच्या, काही हाताला वळण लावायच्या, आणि काही वृत्तीत मुरायच्या. आगीचा त्रिकोण (इंधन, उष्णता आणि हवा एकत्र आली की आग) पहिल्यातला, पिन दुसऱ्यातली. तिसरी तऱ्हा सगळ्यांत दुर्लक्षित. रात्री कक्षाबाहेर जळका वास आला तर वरिष्ठांना उठवावे की नाही, उगाच बोलणी बसतील का, ही धास्ती व्याख्यानाने जात नाही. ड्रिलच्या वेळी साहेबांनी सर्वांसमोर 'खोटी खबर निघाली तरी मी रागावणार नाही' असे म्हटले तर थोडीफार जाते. तऱ्हा तीन, तर तपासायची रीतही तीन. आपण सगळ्याला एकच लेखी पेपर देतो. बोलाइन गाठीवर (दोरीचा न सरकणारा फास) पाच मार्कांची टीप लिहिणारी आणि दोरी हातात दिली की गोंधळणारी पोरे मी भरपूर पाहिली आहेत.

खुद्द दलातही हेच. श्वसनयंत्र, ज्याला आम्ही बीए सेट म्हणतो, त्याचा सहा लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला की १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटे. पोरांना हा ४५ चा आकडा पाठ असतो. मी त्यांना सेट चढवून चार मजले चढ-उतार करायला लावायचो आणि प्रत्येक मजल्यावर गेज वाचून खडूने भिंतीवर लिहायला सांगायचो. धापा टाकणारा माणूस दुपटीने हवा ओढतो, आणि शेवटचे पन्नासेक बार हवा संपत आल्याची शिट्टी वाजल्यावर बाहेर पडण्यासाठी राखायचे असतात. मग हाती उरते ती वीस मिनिटांच्या आसपास. भिंतीवरचे आकडे पाहून पोरे गप्प व्हायची. ४५ मिनिटांवर भरवसा ठेवून कोणी तळघरात शिरू नये, हे मला नंतर तोंडाने सांगावे लागले नाही.

सप्ताहातल्या स्पर्धांविषयीही बोलतो, नाराजी ओढवली तरी. होज ड्रिलमध्ये, म्हणजे पाण्याचे पाइप जोडून पाणी मारण्याच्या कवायतीत, पहिल्या आलेल्या तुकडीला ढाल मिळते. १४ एप्रिलला आपण १९४४ साली मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाच्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांना मानवंदना देतो, आणि त्याच आठवड्यात कोण कोणापेक्षा वेगवान हे मोजतो. स्पर्धा असावी, हुरूप येतो. पण आलेल्या सगळ्याच तुकड्या कच्च्या असतील तरी एक पहिली येतेच. कपलिंग (पाइपांचा जोड) नीट बसले का, पाणी सोडण्याआधी ब्रँचवर (पाइपाच्या टोकाच्या नळीवर) माणूस पक्का उभा होता का, अशी ठरलेली पट्टी लावली आणि ज्याला जमले नाही त्याला पुन्हा शिकवले, तर ढाल एखाद्या वर्षी कपाटात राहील. राहू द्या.

आपल्या राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याखाली इमारतीची यंत्रणा चालू असल्याचा 'ब' नमुना दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावा लागतो. पंप कोणी तपासावा याला परवाना लागतो, मग माणसांना कोणी शिकवावे यालाही किमान पात्रता लावायला काय हरकत आहे? फार नको. प्रशिक्षकाने मराठीत लिहिलेली पाठ-टिपणी दाखवावी, एक धडा अनुभवी माणसासमोर घेऊन दाखवावा, आणि ड्रिलच्या अहवालात हजेरीच्या आकड्याशेजारी 'किती जणांनी स्वतः करून दाखवले' हा एक रकाना यावा. जिल्हा शल्यचिकित्सकांनी मनावर घेतले तर हा रकाना पुढच्या महिन्यापासूनही सुरू होऊ शकतो. त्याला शासन निर्णयाची वाट पाहायला नको.

आणि आपल्या बातमीदारांना विनंती. पुढच्या ड्रिलला गेलात की साहेबांऐवजी रात्रपाळीच्या एखाद्या मावशींना गाठा आणि ऑक्सिजनचा वॉल्व्ह कुठे आहे ते विचारा. उत्तर छापा.

जिल्ह्यातल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयाने रात्रीचे ड्रिल ठेवले तर मी स्वखर्चाने येईन. कापडी बाहुल्या मी आणीन. सहा-सात सिलिंडर रिकामे करायची आणि नंतर भरून घ्यायची तयारी तेवढी त्यांनी ठेवावी.

आपला,
एक निवृत्त सब ऑफिसर, सातारा जिल्हा
(नाव प्रसिद्ध करू नये.)