बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "ना हातात बंदूक, ना अधिकार. मग हे बाहेरचे निरीक्षक संघर्ष पेटलेल्या देशात नुसते उभे राहून करतात काय?" माझा सगळा अभ्यास या एका प्रश्नाभोवती फिरतो, म्हणून सविस्तर लिहिते.

दक्षिण आफ्रिकेचंच घ्या. मंडेला सुटले 1990 मध्ये, निवडणूक झाली एप्रिल 1994 मध्ये. आपल्याला ही दोन दृश्यं आठवतात, पण खरी कसोटी मधल्या वर्षांत होती. जून 1992 मध्ये बोइपाटाँग या वस्तीत चाळीसहून जास्त माणसं मारली गेली आणि मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने गोऱ्या सरकारशी चाललेल्या वाटाघाटी थांबवल्या. मंडेला थेट सुरक्षा परिषदेपुढे गेले. ऑगस्टमध्ये ठराव 772 झाला आणि संयुक्त राष्ट्रांनी निरीक्षक पाठवायचं ठरवलं. सुरुवातीला किती, तर जेमतेम पन्नास! एवढ्या मोठ्या, पेटलेल्या देशासाठी. राष्ट्रकुल, आफ्रिकी ऐक्य संघटना आणि युरोपीय समुदाय यांचीही पथकं आली.

शेजारच्या नामिबियात 1989 साली संयुक्त राष्ट्रांकडे निवडणुकीवर देखरेख आणि नियंत्रणाचा अधिकार होता, सोबत सैन्यही होतं. (त्या सैन्याचे प्रमुख आपले लेफ्टनंट जनरल प्रेमचंद होते, बाबा.) दक्षिण आफ्रिकेत निरीक्षकांकडे तसं काहीच नव्हतं. मग ही माणसं मोर्च्यांत जायची, सभांना जायची, अंत्ययात्रांना जायची. आई, तुला वाटेल अंत्ययात्रेत कसलं निरीक्षण? पण तिथे दुःख आणि संताप एकत्र जमलेले असत, समोर पोलीस उभे असत, आणि एका दगडावरून पुढचे बळी पडू शकत होते. सरकार आणि राजकीय पक्षांमधल्या 1991 च्या राष्ट्रीय शांतता करारातून स्थानिक शांतता समित्या उभ्या राहिल्या होत्या. मोर्चा कुठल्या रस्त्याने न्यायचा, कुठे थांबवायचा, हे त्या समित्यांत आयोजक आणि पोलीस समोरासमोर बसून ठरवत. निरीक्षक त्या बैठकींना हजर राहत. आपण काय करतोय हे जगाला कळणार आहे, याचं भान दोन्ही बाजूंना राहत असे. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोलाचं काम हेच.

त्यांनी हिंसा थांबवली असं मी म्हणणार नाही. 1993 मध्येही राजकीय हिंसेत हजारो माणसं गेली आणि एप्रिलमध्ये मंडेलांच्या बाजूचे लोकप्रिय नेते ख्रिस हानी यांचा खून झाला. तरीही वाटाघाटी मोडल्या नाहीत. याचं पहिलं श्रेय तिथल्याच माणसांचं, निरीक्षकांचा वाटा त्यानंतरचा.

मतदानाच्या वेळी आंतरराष्ट्रीय निरीक्षक दोन हजारांवर गेले. मतदारयादीच नव्हती, म्हणून दुबार मतदान टाळायला हाताला अदृश्य शाई लावून ती खास दिव्याखाली तपासत. प्रामुख्याने झुलू लोकांचा असलेला इंकाथा पक्ष आठवडाभर आधी निवडणुकीत उतरला, तेव्हा छापून झालेल्या मतपत्रिकांवर त्याच्या नावाची पट्टी चिकटवावी लागली. क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या मतदानाबद्दल तक्रारी खूप झाल्या. तरी न्यायमूर्ती क्रीग्लर यांच्या निवडणूक आयोगाने 6 मे रोजी निवडणूक पुरेशी मुक्त आणि न्याय्य ठरवली. मला तो निर्णय बरोबर वाटतो, पण त्या तक्रारींची तड लागायला हवी होती, असंही तितकंच मनापासून वाटतं. बाबा, यावर तुमचं मत नक्की वेगळं असेल. सविस्तर लिहून कळवा.

आई, औषधं वेळेवर घे.

तुमची लेक