काळ्या डोहाकडची पायवाट

सांगली

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बालकवींच्या 'औदुंबर' या कवितेत तुला सुटीच्या दुपारी पाण्यात पाय सोडून बसलेले एखादे निवांत मूल दिसते. वर्गात मात्र काळा डोह म्हणजे मृत्यू आणि औदुंबर म्हणजे विरक्त योगी हा अर्थ जणू ठरलेलाच असल्यासारखा सांगितला गेला, याचे तुला वाईट वाटले आहे. 'मग माझे वाचन चुकीचे का?' या तुझ्या प्रश्नाचे उत्तर होय किंवा नाही असे देता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कविता अवघ्या आठ ओळींची आहे. पहिल्या सहा ओळींत निव्वळ देखावा आहे: दोन्ही तटांवर हिरवळ घेऊन वाहणारा निळासावळा झरा, टेकडीकडचे चार घरांचे गाव, शेतमळे आणि त्यांतून अडवीतिडवी जात काळ्या डोहाकडे निघालेली पांढरी पायवाट. पुढे पाण्यावर 'गोड काळिमा' पसरतो आणि जळात पाय टाकून बसलेला औदुंबर दिसतो. तेथे कविता संपते. यातील काय कशाचे प्रतीक आहे हे कवी कोठेही सांगत नाही, आणि म्हणूनच ती मोकळी जागा प्रत्येक वाचक आपल्या गाठीला असलेल्या आयुष्याने भरून काढतो.

तुझी आजी ही कविता पाठ म्हणत असे. नरसोबाच्या वाडीला आणि भिलवडीजवळच्या औदुंबर क्षेत्री तिने आयुष्यभर प्रदक्षिणा घातल्या होत्या; हिरण्यकशिपूला फाडल्यावर नृसिंहाच्या नखांचा दाह औदुंबराच्या फळांनी शमला, ही गुरुचरित्रातील कथा तिला घरातल्या गोष्टीसारखी ठाऊक होती. साहजिकच कवितेतील झाड तिच्या लेखी दत्तमहाराजांचे आसन होते आणि पाण्यावरचा काळिमा ही त्यांची छाया होती. वाडीला कृष्णेचे पाणी चढून दत्तमंदिरातील पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा त्याला सोहळा मानून लोक स्नानाला गर्दी करतात. अशा ठिकाणी वाढलेल्या बाईला पाण्यात उतरलेल्या औदुंबरात मृत्यू कसा दिसणार?

माझी गोष्ट वेगळी. पाटबंधारे खात्यात नोकरी झाल्यामुळे पाणी दिसले की मी आधी त्याची खोली विचारतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये येथल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची 45 फुटांची धोका पातळी केव्हाच मागे पडून पाणी 57 फुटांपर्यंत गेले, आणि त्यानंतर 'काळा डोह' हे शब्द मला पूर्वीसारखे वाचता येत नाहीत. शिवाय उंबर म्हणजे जमिनीखालच्या पाण्याची खूण, हे मी विहिरी खणणाऱ्यांकडून ऐकत आलो. वराहमिहिराच्या बृहत्संहिता या प्राचीन ग्रंथातही ते सापडते. मला त्या झाडात योगी दिसत नाही, भक्कम मुळांचा एक जुना रहिवासी दिसतो.

आता शास्त्राकडे येतो. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे न सांगता विद्यार्थ्यांना कविता दिल्या आणि त्यांची टिपणे तपासून 1929 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. वाचकाच्या खासगी आठवणी मध्येच घुसून कवितेला बाजूला सारतात, हा त्यांनी नोंदवलेला एक मोठा अडथळा होता. आपल्याकडे संस्कृत काव्यशास्त्रकार अभिनवगुप्तांनी रसविघ्नांमध्ये, म्हणजे रसास्वादाच्या अडथळ्यांमध्ये, स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न मानले आहे. पण त्याच परंपरेत, अनुभवांचा संस्कार म्हणजे वासना ज्याच्या ठायी नाही तो प्रेक्षक रंगमंदिरातील लाकूड, भिंत आणि दगड यांसारखा होय, असे विश्वनाथाने साहित्यदर्पण या आपल्या काव्यशास्त्राच्या ग्रंथात उद्धृत केले आहे. मला हा दुसरा विचार अधिक मोलाचा वाटतो, कारण अनुभवाशिवाय प्रतीक उघडतच नाही. तेवढ्याने भागते मात्र असे नाही.

म्हणून अनुभवाने सुचलेला अर्थ पुन्हा ओळींपाशी नेऊन पाहावा. तुझ्या बाजूने 'पाय टाकुनी' आणि 'बसला' हे शब्द पक्के उभे आहेत, आणि 'गोड' हे विशेषणही. परंतु जळ झाकळून टाकणाऱ्या त्या काळिम्याचे तुझ्या चित्रातल्या त्या निवांत मुलाशी काय नाते? त्याला तू उत्तर दिलेले नाहीस, आणि तुझ्या वाचनातील उणीव असलीच तर ती ही आहे. तुमच्या वर्गातील अर्थालाही हीच कसोटी लाव. 1918 मध्ये वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी बालकवी भादलीला रेल्वेखाली गेले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पायवाट आणि डोह यांत मृत्यू अधिक सहज दिसतो. पण कविता त्या आधीची आहे, तेव्हा हेही बाहेरून आणलेले ज्ञानच ठरते. मृत्यूचा अर्थ टिकतो तो पांढऱ्या वाटेच्या काळ्या डोहाकडे जाण्यामुळे, कवीच्या अपघातामुळे नव्हे. विरक्त योग्याबद्दल मात्र मला शंका आहे. 'गोड' या शब्दापाशी तो अवघडतो.

हे पत्र तुझ्या आईला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली की तुम्ही सगळे झाडाविषयी आणि डोहाविषयी बोलता, पण ती वाट पाडली कोणी? माहेरी असताना तिने स्वतः नदीवरून घागरी वाहिल्या आहेत; तिच्या मते त्या चार घरांतील बायका रोज पाण्याला येत-जात असणार, आणि गवतातली वाट पांढरी पडली आहे ती त्यांच्या पायांनी. मी कविता काढून पुन्हा पाहिली. गाव आहे, वाट आहे, वाटेच्या टोकाला पाणी आहे. तिचे म्हणणे खोडता येईल असा एकही शब्द मला सापडला नाही. तुला सापडला तर कळव, आणि तुझ्या सरांनाही विचार.

तुझे,
बाबा