हेडसेट ठणठणीत, तरी भंगारात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या व्हीआर हेडसेटवरचा (डोळ्यांवर चढवून आभासी जगात नेणारं यंत्र, त्यावरचा) कालच्या अंकातला लेख वाचला. जुनी मॉडेलं सांभाळत बसणं कंपन्यांना परवडत नाही, हे लेखकाने इतक्या कळवळ्याने मांडलंय की क्षणभर कंपन्यांसाठी वर्गणी गोळा करावी असं वाटलं.

माझा हेडसेट साडेचार वर्षांचा. भिंगांवर ओरखडा नाही, पट्टा मजबूत, चित्र लख्ख. बिघडलीय फक्त उजव्या हातात धरायच्या कंट्रोलरची जॉयस्टिक. तीही मोडलेली नाही. कुणी हात न लावता आपल्याला डावीकडे ढकललंय असा तिचा समज झालाय. मी रोज संध्याकाळी अर्धा तास व्हीआरमध्ये टेबल टेनिस खेळतो. सर्व्हिससाठी चेंडू वर टाकला की मी जागच्या जागी उभा असूनही हळूहळू डावीकडे सरकायला लागतो. चेंडू खाली येईपर्यंत टेबल लांब गेलेलं असतं. समोरच्याला वाटतं, आजोबा घाबरून पळाले.

जॉयस्टिकखालच्या पोटेन्शियोमीटरची, म्हणजे दांडी किती कलली ते मोजणाऱ्या भागाची, पट्टी झिजली की असं होतं. सॉफ्टवेअरमध्ये 'डेड झोन' जरा वाढवला, म्हणजे बारीकसारीक हालचाल मोजायचीच नाही असं ठरवलं, तर दोष बराचसा झाकला जातो. ही सोय नव्या मॉडेलला दिलीय. माझ्या मॉडेलचे अपडेट बंद. सुटा कंट्रोलर मागितला तर तो मिळत नाही, नव्या मॉडेलचा जुळत नाही. ग्राहक सेवेतल्या ताईंनी चौथ्या खेपेला सुचवलं, "सर, डाव्या हाताने खेळून बघा ना." कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बाकीच्यांनी स्वतःला सोवळं समजायला नको.

तंत्रज्ञान पुढे जाणारच, असं लेखक म्हणतात. जाऊ दे की! नवे गेम जुन्यावर चालवून द्या असं कोण म्हणतंय? पण चालतंय ते बंद पाडणं वेगळं. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीतून मिक्स्ड रिॲलिटी, म्हणजे काही हेडसेट ज्यावर चालायचे ती सोय, काढूनच टाकली. एसर, डेल, एचपी, लेनोवो यांचे त्यावर चालणारे धडधाकट हेडसेट अपडेट घेतल्याबरोबर माळ्यावर टाकण्याच्या लायकीचे झाले. उलट २०१६ सालच्या एचटीसी व्हाइव्ह या हेडसेटचे कंट्रोलर स्टीमव्हीआर या संगणकावरच्या व्हीआर प्रणालीवर अजून चालतात. फेसबुकच्या ऑक्युलस गो या हेडसेटची विक्री २०२० मध्ये थांबली, पण पुढच्याच वर्षी फेसबुकने त्याची कुलूप काढलेली सिस्टीम देऊन टाकली; ज्याला जे हवं ते त्याने त्यात घालावं. ऑक्युलसचे तंत्रप्रमुख राहिलेले जॉन कारमॅक यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. एका माणसाने लावून धरल्यावर जे होतं, ते 'परवडत नाही' या सदरात कसं बसतं, हे लेखकाने पुढच्या लेखात सांगावं. सांभाळायचं नसेल तर नका सांभाळू, पण जाताना किल्ली तरी ठेवून जा.

जाता जाता आणखी एक. हे पत्र ईमेलने पाठवतोय, कारण गेल्या महिन्यापासून आपल्याच दैनिकाचं ॲप माझ्या फोनवर उघडत नाही. 'आपला फोन जुना आहे' असं म्हणतं. वर्षभराची वर्गणी मात्र त्याच फोनवरून बिनबोभाट भरून घेतलीत. माझं शब्दकोडं अर्धवट अडकलंय त्यात. २१ आडवे तेवढं राहिलं होतं.

आपला,
एक जुना (आणि म्हणूनच बहुधा सपोर्ट बंद झालेला) वाचक